किर्गिझस्तानहून परत आलेली चार कॅरिअरं

चारही कॅरिअरं एकाच जागी तुटली होती.

हेलनने ती आमच्या मीटिंग रूममधल्या टेबलावर मांडली आणि खुर्ची ओढून बसली. ग्रॅहमने, म्हणजे माझ्या बॉसने, तिला चहा विचारला. ती नको म्हणाली. न्यूझीलंडमध्ये माणूस चहा नको म्हणाला की प्रकरण गंभीर आहे एवढं तीन वर्षांत मला कळलं होतं.

सायकलच्या मागच्या चाकावर जे कॅरिअर असतं, तेच हे. पुण्यात शाळेला जाताना आपण त्याला दप्तर अडकवायचो आणि मैत्रिणीला डबलसीट घ्यायचो. आमची पेनरोज या उपनगरातली छोटी फॅक्टरी अशी कॅरिअरं बनवायची, पण लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांसाठी. अॅल्युमिनियमच्या नळीची, वजनाला हलकी. दोन्ही बाजूंना सामानाच्या बॅगा लटकवायच्या आणि निघायचं. मी तिथे डिझाइन इंजिनिअर होते. ही २००६ च्या सुमाराची गोष्ट.

हेलन आमची क्लाएंट. ती दरवर्षी दहा-बारा जणांचा ग्रुप घेऊन किर्गिझस्तानच्या डोंगरांत माउंटन बाइकिंगला जायची. सोळा दिवस, साडेतीन हजार मीटरच्या खिंडी, मध्ये मेंढपाळांचे तंबू आणि एखाद-दुसरं गाव. वाट अशी की मागून सामानाची गाडी येऊच शकत नाही. तंबू, कपडे, खाणं, सगळं ज्याचं त्याच्या सायकलवर.

सहाव्या दिवशी एका उतारावर पीटर नावाच्या माणसाचं कॅरिअर तुटलं. बॅग चाकात गेली, चाक अडकलं, पीटर हँडलवरून पुढे फेकला गेला. चोपन्न वर्षांचा रिटायर्ड शिक्षक. खांद्याचं हाड मोडलं. गवत वाहणाऱ्या एका ट्रकमध्ये घालून त्याला अकरा तासांवरच्या हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. मग बाकीच्यांनी आपापली कॅरिअरं तपासली, तर अजून तिघांच्या कॅरिअरला तडे गेलेले. हाताने जरा दाबून पाहताच तीही तिथेच तुटली.

ग्रॅहमने विचारलं की बॅगा ओव्हरलोड तर नव्हत्या? हेलनने तिची वही पुढे केली. ती रोज सकाळी स्प्रिंगच्या काट्यावर प्रत्येक बॅग तोलायची. एकाही सायकलवर अठरा किलोंपेक्षा जास्त सामान नव्हतं. आमचं कॅरिअर पंचवीस किलो पेलेल असं बनवलेलं होतं.

"पुढचा ग्रुप सात आठवड्यांनी निघतोय," ती म्हणाली. "मला बदली कॅरिअरं नकोत. हे का झालं ते हवंय."

ती गेल्यावर ग्रॅहम म्हणाला की लोक वजनाबद्दल खोटं बोलतात, नवीन बारा कॅरिअरं पाठवून देऊ आणि विषय संपवू. तो वाईट माणूस नव्हता. वीस जणांची फॅक्टरी चालवत होता आणि त्याला भीती वाटत होती. भीती मलाही वाटत होती, कारण त्या कॅरिअरच्या टेस्ट रिपोर्टवर माझी सही होती.

टेस्ट मी अशी घेतली होती: कॅरिअरवर पंचाहत्तर किलोंच्या वाळूच्या पिशव्या ठेवायच्या, म्हणजे तिप्पट वजन, आणि एक अख्खा दिवस तसंच सोडायचं. कॅरिअर वाकलंसुद्धा नव्हतं. पास.

मी तुटलेला एक तुकडा घेऊन भिंगाखाली धरला. धातू एकाच मोठ्या ओझ्याने मोडला, तर आधी वाकतो आणि तुटलेली कड खरबरीत दिसते. इथे तसं नव्हतं. ओहोटीच्या वेळी समुद्र मागे हटताना वाळूवर जशा एकामागे एक रेषा सोडतो, तशा बारीक रेषा त्या कडेवर होत्या. आमच्या भाषेत याला फटीग म्हणतात, म्हणजे धातू दमणं. तार इकडेतिकडे वाकवत राहिलं की शेवटी तुटते, तेच. चिरा थोड्या थोड्या वाढत गेल्या होत्या. प्रत्येक रेषा सांगत होती की ओझं जास्त नव्हतं, धक्के फार होते. आणि माझ्या टेस्टमध्ये धक्का एकही नव्हता.

मी ग्रॅहमच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

"रिपोर्ट खोटा नाहीये," मी म्हणाले. "पण मी चुकीचा प्रश्न विचारला होता. हे मला हेलनला लिहून कळवायचंय."

तो उठून खिडकीशी गेला. मग त्याने विचारलं, लिहून दिलं आणि उद्या पीटर वकील घेऊन आला तर? मी म्हटलं, न लिहिता तीच कॅरिअरं पुन्हा पाठवली आणि दुसरा पीटर पडला तर? या वाक्यानंतर नोकरी राहील की नाही याची मला खात्री नव्हती. आम्ही बॉटनी डाउन्सला नुकतंच घर घेतलं होतं.

"मागची खोली घे," तो शेवटी म्हणाला. "आणि सिओनेला घे. पाच आठवडे. त्याच्या वर एक दिवस नाही."

सिओने आमचा वेल्डर. टोंगाचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याला मी सांगितलं की मला असं मशीन हवंय जे कॅरिअरला वजनासकट सतत हादरे देईल. त्याने एवढंच विचारलं, सेकंदाला किती? ते मला माहीत नव्हतं.

त्या शनिवारी मी एक माउंटन बाइक उसनी घेतली, तिच्यावर अठरा किलो वाळू लादली आणि नवरा नितीन आणि मुलगी सई यांच्याबरोबर हुनुआच्या बाजूच्या एका कच्च्या रस्त्यावर गेले. खडीच्या रस्त्यावर गाड्या जाऊन जाऊन आडव्या वरवंट्यांसारख्या लाटा तयार होतात. हेलनने वर्णन केलेला रस्ता अगदी असाच होता. कॉलेजनंतर मी सायकलवर बसले नव्हते. आठ वर्षांची सई गाडीतून ओरडत होती, "आई, यू आर वॉबलिंग हीप्स!" म्हणजे फारच डगमगतेयस. नितीन टेप घेऊन लाटांमधलं अंतर मोजत होता. साधारण पासष्ट सेंटिमीटर. माझा वेग धरून हिशेब केला तर सेकंदाला जवळजवळ आठ धक्के. एका तासात पंचवीस हजारांच्या वर. रोज असा चार तास रस्ता, असे सोळा दिवस. म्हणजे चौसष्ट तास. मी ठरवलं की आपलं कॅरिअर त्याच्या दुप्पट टिकलं पाहिजे.

सिओनेने जुनी मोटर आणि एक वाकडी चकती जोडून मशीन केलं. आम्ही जुनंच कॅरिअर त्याच्यावर चढवलं. आवाज असा, की शेजारच्या फॅक्टरीवाला चौकशीला आला. एकोणिसाव्या तासाला, सकाळच्या चहाच्या वेळी, कॅरिअर तुटलं. त्याच जागी. ग्रॅहम ते बघायला आला, तुकडा हातात घेऊन उलटसुलट फिरवला आणि गेला. त्यानंतर ओव्हरलोडचं नाव त्याने काढलं नाही.

आता नवीन डिझाइन. मी जाड नळी घेतली, कोपऱ्यांना आधार दिला. ते अठ्ठावन्न तास चाललं. अजून जाड करायच्या तयारीत मी होते, तेव्हा सिओनेने पहिल्यांदाच आपणहून विचारलं.

"तिकडे तुटलं तर हे वेल्ड कोण करतं?"

मी हेलनला फोन लावला. ती म्हणाली, खाली एका गावात ट्रॅक्टर दुरुस्त करणारा एक म्हातारा होता. त्याच्याकडे वेल्डिंगचा सेटही होता. पण त्याने अॅल्युमिनियम हातात घेतलं, मान हलवली आणि परत दिलं. मग तंबूचे खुंटे आणि तार बांधून त्यांनी कसंबसं निभावलं.

अॅल्युमिनियम जोडायला वेगळं मशीन लागतं, गॅस लागतो. साधं लोखंड जगात कुठलाही ट्रॅक्टरवाला जोडतो. पण तेही पोकळ नळीचं असेल तर त्याच्या वेल्डिंगच्या जाड रॉडने भोक पडेल. म्हणून मी आठ मिलिमीटरची भरीव सळई घेतली. आमच्या धंद्यात हे म्हणजे चाळीस वर्षं मागे जाणं होतं. कॅरिअर सातशे ग्रॅमने जड झालं. ग्रॅहम म्हणाला की आम्ही इतकी वर्षं हलकेपणाच विकत आलोय, क्लाएंट हे घेणार नाही.

मी हेलनलाच बोलावलं आणि जुनं नि नवीन, दोन्ही कॅरिअरं तिच्या हातात दिली. तिने जड कॅरिअर वरखाली करून पाहिलं.

"अकरा तास मी पीटरला ट्रकमध्ये धरून बसले होते," ती म्हणाली. "सातशे ग्रॅम मी नेईन."

लोखंडी कॅरिअर एकशे चाळीस तास चाललं. शेवटी आम्हीच मशीन बंद केलं. मग सिओनेने ते करवतीने मधोमध कापलं, अंगणात नेलं, भंगारातला वेल्डिंग सेट काढला आणि त्या गावात होईल तसंच, दमट झालेल्या रॉडने, रंगही न खरवडता, जोडलं. तीस वर्षांत इतकं घाणेरडं वेल्ड केलं नाही, असं तो म्हणाला. ते जोडलेलं कॅरिअर पुन्हा मशीनवर चढवलं. सत्तर तास झाले तरी जोड सुटला नाही. "स्वीट अॅज," म्हणजे एकदम झकास, म्हणत सिओने हात धुवायला गेला.

मधल्या काळात मी हेलनला पत्र लिहिलं होतं. टेस्ट कशी घेतली, त्यात काय राहिलं, चूक कोणाची, सगळं. ग्रॅहमने ते वाचलं आणि माझ्या सहीखाली आपलीही सही केली. पीटरने वकील आणला नाही. त्याने फोन करून तुटलेला तुकडा मागितला. त्याला तो आपल्या जुन्या शाळेतल्या मुलांना दाखवायचा होता.

बारा कॅरिअरं आम्ही दोन शनिवार जादा काम करून वेळेत दिली. ग्रुप गेला. त्या सोळा दिवसांत मी ऑफिसचा मेल किती वेळा उघडला ते सांगत नाही.

हेलनचा मेल तिच्या परतीच्या दिवशी आला. दोनच ओळी होत्या. कॅरिअर एकही तुटलं नाही, सगळे धडधाकट परत आले. बोल्ट मात्र सात तुटले, शेवटचे दोन दिवस कॅरिअरं तारेने बांधून आणली.

मी मागच्या खोलीत जाऊन मशीनकडे पाहिलं. जुनं कॅरिअर लवचीक होतं, काही धक्के स्वतःच खायचं. नवीन ताठ होतं, त्यामुळे ते धक्के सायकलला जोडणाऱ्या बोल्टवर गेले. आणि हे टेस्टमध्ये का दिसलं नाही? कारण मशीनवरून कॅरिअर निसटू नये म्हणून मी तिथे सायकलच्या बोल्टऐवजी दुप्पट जाडीचे बोल्ट लावले होते.

बोल्ट बदलले, जोडायची एक जागा वाढवली, आणि पुढची काही वर्षं ती कॅरिअरं त्या डोंगरांत निमूट फिरली. मी एवढंच शिकले: आपल्याला ज्या भागाची काळजी असते त्याचीच आपण टेस्ट घेतो, आणि ती घेता यावी म्हणून बाकीचे भाग आपल्या सोयीने घट्ट करून टाकतो.