शिराळ्याला माझं घर हाय

साताऱ्यात आमच्या गल्लीत इस्त्री करणाऱ्या मावशी शर्टाशीही बोलतात, "सरळ बस की रं गड्या!" राहतात भाड्याच्या पत्र्याच्या खोलीत. यंदा त्यांना इथंच सरकारी घरकुल मंजूर झालं. तेवढ्यात माहेरी शिराळ्याला त्यांचे वडील वारले आणि त्यांचं स्लॅबचं घर मावशींच्या नावावर आलं. पक्कं घर असणाऱ्याला घरकुल मिळत नाही. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, सल्ला द्यायला कायम पुढं. म्हणालो, "मावशी, ते घर भावाला लिहून द्या. धंदा इथं, शिराळ्याला कोण राहणार?"

"आवं, लेकीला घर द्यायचं म्हनून माझा बाप भावकीशी भांडला. आता मीच नगं म्हनू व्हय?"

घरकुल गेलं. पावसात पत्रा अजून गळतो. पण नवं गिऱ्हाईक आलं, की कपडे हातात घ्यायच्या आधी मावशी त्याला सांगतात, "शिराळ्याला माझं घर हाय. बापानं दिल्यालं."