सव्वाबाराची नोंद

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, महाराजांची प्रकृती उत्तम असून अंगात ताप नाही, तिन्ही पंखे नेमाने फिरत आहेत आणि वीजपुरवठा सुरळीत आहे. प्रजेने काळजी करू नये.

हे निवेदन आमच्या वर्धेच्या कॉलेजच्या ऑफिसात रोज सकाळी साडेदहाला होत असे. निवेदक मी, म्हणजे हेडक्लार्क. महाराज म्हणजे कॉलेजचा सर्व्हर: कुलूपबंद, थंडगार खोलीत राहणारा, गुडघाभर उंचीचा काळा ठोकळा. विद्यार्थ्यांचे परीक्षेचे फॉर्म त्याच्या पोटात भरले जायचे. आणि राजवैद्य होते कामडीभाऊ.

कामडीभाऊ अल्लीपूरचे. घरी शेती, हाती वायरमनचं सर्टिफिकेट, बाकी सगळी विद्या पुस्तकं धुंडाळून मिळवलेली. वर्षावर्षाच्या कंत्राटावर ते आमचे कॉम्प्युटर सांभाळायचे. खिशात पेनाऐवजी टेस्टर. नाडी बघायची त्यांची रीत मोठी राजेशाही होती. महाराजांच्या खोलीकडे फिरकायचंसुद्धा नाही. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला आपल्या टेबलाशी बसून कॉम्प्युटरवर काळा पडदा उघडायचा आणि दोन बोटांनी एक ओळ टाईप करायची. लगेच पांढऱ्या अक्षरांत उत्तर हजर: ताप किती, पंखे किती वेगात, वीज आहे की गेली.

“पण भाऊ, यंत्रच बंद पडलं तर उत्तर कोण देणार?” मी एकदा वकिली केली.

“त्याच्या पोटात एक बारका पहारेकरी हाय, बापू. मोठं यंत्र झोपलं तरी तो जागा राह्यते. फक्त वायर काढाची नाई. त्याले विचारलं का तो सांगते, आन त्याले सांगितलं का तो मालकाले उठवते बी.”

“मग सगळ्यांसारखा माऊस का नाही फिरवत?”

“चित्र पाह्यलं का मानूस भुलते. लिहून विचारलं का लेखी उत्तर भेटते.”

आता प्राचार्य साहेब. त्यांची मराठी इतकी सोवळी, की शिपायाला ते ‘कृपया जलपात्र आणावे’ म्हणत आणि शिपाई माझ्याकडे अर्थ विचारायला येई. त्या वर्षी महाराज दोनदा आडवे झाले होते. साहेबांनी कामडीभाऊंना माझ्यादेखत बजावलं, “यंत्र पुनश्च बंद पडल्यास आपले कंत्राट संपुष्टात येईल. हे कार्य नागपूरच्या कंपनीस देण्यात येईल.” त्यावर कामडीभाऊ फक्त “बरं” म्हणाले. त्यांच्या दोन्ही मुली शिकत होत्या, हे मला ठाऊक होतं.

खंडेनवमी आली. कामडीभाऊ सकाळच्याच एसटीने आष्टीला बहिणीकडे गेले. इकडे आम्ही कॉलेजात शस्त्रपूजा उरकली. टाईपरायटरला कुंकू लावलं, झेरॉक्स मशीनला लावलं, मग महाराजांची पाळी. राजाला साजेसा झेंडूचा जाड हार मीच बाजारातून निवडून आणला होता. हार चढला, नारळ फुटला, खोलीला कुलूप लागलं, सुट्टी झाली.

दुपारी पिपरी मेघेला घरी पुरणपोळीवर तुपाची धार धरतो न धरतो तोच फोन वाजला.

“बापू, मी आष्टीहून बोलून राह्यलो. इथं एका दुकानात कॉम्प्युटर हाय, म्हटलं जरा तब्येत विचारू. ताप चढून राह्यला त्याले. एक पंखा बंद, दुसरे दोघं बोंबलून राह्यले.”

“लाईट गेली असेल.”

“लाईट हाय. पहारेकऱ्यानं लिहून ठेवलं हाय: सव्वाबाराले पयला पंखा थांबला. सव्वाबाराले तुमी काय करत होते?”

“पूजा होती, भाऊ. हार घातला.”

“यंत्राले?”

“मग आजच्या दिवशी काय महाराजांना बोडकं ठेवायचं?”

“पंख्याच्या जाळीवर?”

“छान दिसत होता हो...”

“कोनं घातला?” मी तोंड उघडलं, तोच ते म्हणाले, “राहू दे. नाव नको सांगू. पयले चाबी घे आन पळ. मी इथून त्याले नीट झोपवतो.”

मी सायकल हाणली. खोली उघडली तेव्हा महाराज निपचित पडले होते. तोंडावर झेंडू. सुटलेला दोरा जाळीतून आत ओढला जाऊन पंख्याला करकचून वेढे पडले होते. फोनवर कामडीभाऊ सांगत गेले आणि मी निघताना उचललेल्या बायकोच्या चिमट्याने एकेक वेढा सोडवत गेलो.

“निघाला?”

“निघाला.”

“वायर लावेल हाय ना? आता हात मांगं घे.”

मी हात मागे घेतले. खोलीत चिटपाखरू नव्हतं. आणि माझ्या डोळ्यांसमोर हिरवा दिवा लागला, तिन्ही पंखे घूं करून फिरले. आष्टीत बसलेल्या माणसाने वर्धेत दोन बोटांनी प्राण फुंकले होते! मी तिथेच साष्टांग नमस्कार घातला. महाराजांना नव्हे, आष्टीच्या दिशेला.

पण तो तासभर साहेबांचा पुतण्या घरून फॉर्म भरत होता. बातमी पोचलीच. दसरा झाल्यावर कंत्राट रद्द करायचं पत्र टाईप करायचा हुकूम मला सुटला. मी मुद्दाम चुका करकरून ते तीनदा टाईप केलं. कामडीभाऊंना बाजूला घेऊन म्हटलं, “हार कोणी घातला ते सांगून टाकतो मी!”

“आपून काऊन सांगाचं कोनाचं नाव? नोंद सांगन.”

केबिनमध्ये आम्ही तिघंच. “यंत्र कोणाच्या अक्षम्य हलगर्जीपणामुळे बंद पडले?” साहेबांनी गरजून विचारलं. कामडीभाऊंनी फक्त एक कागद टेबलावर ठेवला: पहारेकऱ्याची नोंद. त्याला मी पुरवणी जोडली, तीन शब्दांची: “पंख्यात दोरा अडकला.”

कामडीभाऊ त्याच वर्षी कायम झाले, पोरी शिकून नोकरीला लागल्या, ते आता निवृत्त होऊन अल्लीपूरला असतात. विहिरीवरची मोटर घरून मोबाईलवर चालू करतात, पण अजूनही आधी विचारतात, मग बटण दाबतात. माणसांशीही त्यांचं तसंच: आधी विचारपूस, मग बाकीचं. कंत्राटी माणूस असा अचानक कायम कसा झाला, असं कोणी मला विचारलं की मी उभा राहतो, चष्मा नाकावर ओढतो आणि त्या दिवशीचे साहेब करून दाखवतो. त्यांनी कागद उचलला, मोठ्याने वाचत ओळीओळीने खाली आले, वेळेपाशी अडखळले. पुन्हा वाचलं. चष्मा काढला. आणि जन्मभर जपलेली ती सोवळी मराठी एका क्षणात खुंटीला टांगून ओरडले:

“अबे, सव्वाबाराले त हार मीच घातलता!”