जामीनदाराची सही

पांढुर्ण्याच्या स्टेशनवर मला पोहोचवायला निम्मं सौंसर आलं होतं, असं आई अजून सांगते. खरं तर आम्ही नऊ जण होतो, सामानासकट एका जीपमध्ये कोंबून आलो होतो. पोळ्यानंतरची दगडफेकीची जत्रा, गोटमार, होऊन चारच दिवस झाले होते आणि माझी ट्रंक उचलणाऱ्या हमालाच्या डोक्याला पट्टी होती. कुंदा, तू तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतीस. माझ्या नव्या स्वेटरला नाक लावून रडत होतीस. बाबूजी मात्र ताठ उभे होते. गाडी हलली तसे ते खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "पैशाची फिकर करू नको. आम्ही बसलो आहो इथं. तू फक्त शिक."

या वाक्याचं पुढे काय झालं, ते तुला मी कधी सांगितलं नाही. आता आपण दोघीही पन्नाशीच्या पुढे आहोत. सांगायला हवं.

नागपूरला वकिलीची परीक्षा पास होऊन मी सौंसरच्या कोर्टात वकीलकाकांच्या हाताखाली दीड वर्ष काम केलं होतं. वकीलकाका म्हणजे बाबूजींचे शाळेपासूनचे दोस्त, आपल्या घरी रोज संध्याकाळी चहाला येणारे. इंग्लंडमधल्या विद्यापीठाचा अर्ज त्यांच्याच टाइपरायटरवर मी टाइप केला. प्रवेश मिळाला, अर्धी फी माफ झाली. पण उरलेली अर्धीसुद्धा शाळेत हेडमास्तर असलेल्या बाबूजींच्या आवाक्यातली नव्हती. परदेशी विद्यार्थ्याला तिथे तिथल्या पोरांच्या कितीतरी पट फी पडायची. शेवटी नागपूरच्या एका शिक्षण ट्रस्टने कर्जाऊ शिष्यवृत्ती मंजूर केली. दोन हप्ते. पहिला निघताना, दुसरा जानेवारीत. अट एकच होती, स्थावर मालमत्ता असलेला जामीनदार हवा. काकांची बोरगावला संत्र्याची बाग होती. त्यांनी स्टॅम्पपेपरवर सही केली आणि मला म्हणाले, "कागद नीट वाचून घे. वकील आहेस आता." मी वाचला. मला हसू आलं होतं. घरच्या माणसाचा कागद कोण वाचतो?

तिकडचे पहिले महिने चांगले गेले, हे मान्य केलं पाहिजे. थंडी होती, उकडलेला बटाटा होता, आणि एक मोठं ग्रंथालय होतं. तिथे मला कोणी "कोणाची पोरगी तू?" असं विचारत नव्हतं. ट्युटोरियलमध्ये माझं इंग्रजी अडखळायचं, पण माझा मुद्दा अडखळत नव्हता. मी घरी लिहायची, वर्षाचा कोर्स संपला की ऑक्टोबरमध्ये परत येते, काकांच्या शेजारी टेबल टाकते, बायकांच्या पोटगीचे खटले चालवते. प्रत्येक पत्रात लिहायची. हे लक्षात ठेव कुंदा. मी परत येणारच होते.

जानेवारीत हप्त्याऐवजी ट्रस्टचं पत्र आलं. जामीनदाराने नोटीस देऊन हमी मागे घेतली आहे, दुसरा जामीनदार मिळेपर्यंत रक्कम देता येणार नाही. पत्र चार ओळींचं होतं. पुढे द्यायच्या रकमेपुरती हमी अशी मागे घेता येते, हे मला नागपूरच्या पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. कायद्यात काही चूक नव्हती.

मी बाबूजींना तार केली. उत्तराचं पत्र यायला अठरा दिवस लागले. त्यांच्या त्या सुंदर, वळणदार अक्षरात लिहिलं होतं: "मी वकीलसाहेबांना भेटलो. ते ऐकायला तयार नाहीत. माणसं अशीच असतात. झालं तेवढं पुष्कळ झालं, तू परत ये."

त्या दिवसापासून मी वकीलकाकांचा द्वेष केला. माझ्यासाठी आवळ्याचं लोणचं बांधून देणारा माणूस एक सही निभावू शकला नाही, असं मी तिथल्या माझ्या मैत्रिणींना सांगायची.

परत जाणं सोपं नव्हतं. अर्धा कोर्स सोडून गेले असते, तर पहिल्या हप्त्याचं कर्ज अंगावर आणि हातात काहीच नाही. मी विद्यापीठाच्या फी ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी माझे कागद दोनदा वाचले आणि विचारलं, "यांनी मागे का घेतलं, हे तुम्ही त्यांना विचारलंत का?" मी म्हटलं, माझ्या वडिलांनी विचारलं. त्यांनी मान हलवली आणि अडचणीतल्या विद्यार्थ्यांच्या निधीचा अर्ज पुढे केला. त्या निधीतून राहण्याखाण्याचं भागलं. फी थकली ती थकलीच. परीक्षेला बसू दिलं, मी पासही झाले, पण फी फिटेपर्यंत पदवीचा कागद मिळणार नव्हता. रीतसर परवानगी काढून मी ग्रंथालयात पुस्तकं लावायचं काम धरलं. नंतर एका वकिलाच्या ऑफिसात कारकुनी. फी फेडली, ट्रस्टचं कर्ज फेडलं. तेवढ्यात तिकडची नोकरी, तिकडची खोली, तिकडची सवय झाली. ऑक्टोबर चार वेळा येऊन गेला. तुझं लग्न झालं, मी फोटो पाहिले.

चार वर्षांनी मी आले तेव्हा तू बाळंतपणात होतीस, सासरी. म्हणून तुला माहीत नाही. तिसऱ्या दिवशी मी एकटी बसने बोरगावला गेले. वकीलकाका बागेत खाटेवर बसले होते. खूप वाळले होते. मी नमस्कार केला नाही. उभ्यानेच म्हटलं, "काका, तुम्ही सही मागे का घेतली?"

त्यांनी खाटेवर सरकून जागा केली. मग म्हणाले, "बस ना बाई. उन्हातून आली."

"मी बसायला नाही आले. चार वर्षं तुम्हाला शिव्या देऊन राहिली मी."

"असू दे. मले माहीत आहे." ते उठले, आत गेले, आणि टपालाचं एक पाकीट घेऊन आले. "मी बोललो नसतो. पण आता माह्याच्यानं नाही होत."

पाकिटावरचं अक्षर मी दुरूनच ओळखलं. आत एकच पान होतं. पोरगी तिकडचीच होईल असं वाटतं. कुंदाला पाहायला येणारे विचारतात, मोठी कुठं आहे, कोणासोबत आहे. पैसा थांबला तर येईल परत. सही मागे घ्या. माझं नाव येऊ देऊ नका.

"अन् तुम्ही ऐकलं?" मी विचारलं.

"उभ्या जिंदगीत तुझ्या बापानं माह्यापाशी कधी काही मागितलं नव्हतं," काका म्हणाले. "पहिल्यांदा मागितलं, तं हे मागितलं; तेही तोंडानं नाही, टपालानं. मी नाही म्हणू शकलो नाही. तुलेच बुडवलं मी, हे खरं आहे."

परतीच्या बसमध्ये मी रडले नाही. मला फक्त ते अक्षर दिसत होतं. ज्या अक्षरात मला "माणसं अशीच असतात" असं लिहिलं होतं, तेच.

बाबूजी ओसरीवर पेपर वाचत होते. मी पाकीट त्यांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "त्यानं दाखवलं?"

एवढंच. मला काय भोगावं लागलं, हे नाही. दोस्ताने गुपित फोडलं, याचं दुःख.

"जाऊ नको, असं सांगायचं होतं ना बाबूजी. मी गेली नसती."

"सांगितलं असतं तं जन्मभर मले दोष देत बसली असती," ते म्हणाले. "तोंडावर नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. बापाला पोरगी जवळ पाहिजे, यात काय गुन्हा आहे?"

"मी येणारच होते. त्या फीपायी तिकडं अडकली मी."

त्यांनी पेपर पुन्हा उचलला. पण तो उलटा धरला होता, आणि बराच वेळ त्यांच्या ते लक्षात आलं नाही. मला त्यांची दया आली. रागही तेवढाच आला. दोन्ही आजवर तसेच आहेत, एकानं दुसऱ्याला कमी केलेलं नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"मले कोणी विचारलं?" ती म्हणाली आणि आत वळली. हे होही होतं आणि नाहीही.

त्यानंतर वकीलकाका कधी चहाला आले नाहीत. पाच वर्षांनी बाबूजी गेले, तेव्हा काका स्मशानात सगळ्यांत मागे उभे होते म्हणे. मला तेव्हा वेळेवर पोहोचता आलं नाही. खरं सांगायचं तर पोहोचण्याची फार धडपडही मी केली नाही. हे वाचून तुला राग येईल. येऊ दे.

आपल्या भागातून जे गेले, त्यांच्यातले बरेच जण म्हणतात की आम्ही घर सोडलं. मला ते म्हणता येत नाही. मी घर सोडलं नव्हतं. मला ओढून घेण्यासाठी घराने दोर असा खेचला की तो तुटला, आणि दोर कोणी खेचला हेही मला सांगितलं नाही. आता मी दरवर्षी येते. आईच्या हातच्या पाटवड्या खाते, तुझ्या नातवाला खेळवते, शेजारच्या बायकांच्या पोटगीचे कागद वाचून देते. लंडनमध्ये कोणी विचारलं तर घर म्हणून सौंसरचंच नाव सांगते. पण सौंसरला असताना परतीचं तिकीट आणि पासपोर्ट मी कपाटात ठेवत नाही. उशीखाली ठेवते. माझ्या माणसांवर माझा जीव आहे, भरवसा नाही, आणि या दोन्हीसकट जिथे झोपता येतं त्यालाच मी आता घर म्हणते.

मागच्या खेपेला सकाळी अंघोळ करून आले तर आई माझ्या उशीचा अभ्रा बदलत होती. पासपोर्ट तिच्या हातात होता. तिने तो पदराने पुसला, नवा अभ्रा चढवला, आणि जिथे होता तिथेच, उशीखाली, परत ठेवला.