पाहुण्यांचा समुद्र

मे महिन्यात आमच्या घराला स्वतःचा असा वास उरत नाही. पडवीपासून माजघरापर्यंत भाताच्या पेंढ्यात पिकत घातलेल्या आंब्यांची अढी पसरलेली असते, आणि तिचा उबदार, किंचित आंबूस, पहाटे गोड आणि दुपारी डोकं धरायला लावणारा परिमळ उशांत, टॉवेलांत, मुलांच्या केसांतसुद्धा उतरतो. रत्नागिरीजवळ, पालीच्या अलीकडे, कातळाच्या उतारावर आमची वाडी आहे. ऊन जरा वर आलं की कातळ तापतो आणि बागेतून येणाऱ्या माणसांचे आवाजही कोरडे ऐकू येतात. काढणी, निवड, पेट्या भरणं ह्या सगळ्या धांदलीच्या ऐन मध्यावर शाळांना सुट्टी लागते आणि मुंबईहून पाहुणे येतात. पाहुणे म्हणजे चार मुलं, नणंदेची दोन आणि दिरांची दोन. त्यांचे आईवडील त्यांना गाडीने पोचवतात, एक मुक्काम करतात आणि निघताना दरवर्षी म्हणतात, "वहिनी, तुमच्याकडे पोरं रमतात हो."

रमतात खरी, पण आपोआप नाही. त्यांना रमवावं लागतं आणि ते काम माझी मुलगी करते.

जुई आता सहावीत जाईल. करवंदांची कुठली जाळी अजून कुणी ओरबाडलेली नाही, पऱ्ह्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, कुठल्या कोंडीत अजून घोटाभर पाणी टिकून आहे, भर दुपारी मोबाईलवरून जुंपली की कुणाला पत्ते द्यायचे आणि कुणाला नुसतं जवळ घेऊन बसायचं, हे सगळं तिला कळतं. धाकट्या ईशानशी खेळताना ती हरते, आणि हरताना चेहराही असा करते की त्याला शंका यायला नको. नणंद फोनवर म्हणते, "जुई आहे म्हणून मी निर्धास्त," आणि मी इकडे मूठभर मांस चढल्यासारखी स्वयंपाकघरभर फिरते. आंबेवाल्यांच्या घरी रीतच अशी, की निवडक फळ पेटीत जातं, त्याच्या खालचं पाहुण्यांच्या ताटात आणि डागी ते घरच्यांना. जुई सुरीने डागाची बाजू सफाईने उडवते आणि भावंडांना सांगते की डागीच जास्त गोड असतो. हे तिला मी सांगितलेलं आहे, मला माझ्या आईने सांगितलं होतं, आणि खरं-खोटं करायला आम्ही कुणीच स्वतःसाठी कधी बिनडागी फळ कापलं नाही.

रत्नागिरीचे म्हटलं की मुंबईच्या माणसांना वाटतं, आम्ही सकाळी दात घासायला समुद्रावर जात असू. आमच्या वाडीतून समुद्र दिसत नाही. रत्नागिरी ओलांडून आरे-वारेला जायचं तर अर्धा दिवस मोडतो, आणि हंगामात अर्धा दिवस कुणाकडे असतो? परीक्षा संपल्यापासून जुई मागे लागली होती, समुद्रावर कधी जायचं म्हणून, आणि मी दर वेळी एकच उत्तर देत होते, पोरं येऊ देत, मग सगळीच जाऊ. तिचा समुद्र मी असा पाहुण्यांच्या स्वाधीन करून टाकला होता आणि त्यात काही वावगं आहे असं मला तोवर वाटलंही नव्हतं.

ठरलेल्या दिवशी दुपार कलताना मी गाडी काढली. टोप्या, पाण्याच्या बाटल्या, जुने कपडे अशी सगळी पिशवी जुईनेच भरली होती. एवढ्यात हे बागेतून घाईघाईने आले, बरोबर डोक्यावर पेट्या घेतलेला गडी. मुंबईच्या बसवर द्यायच्या होत्या, फळ तयार होतं, उद्यावर टाकण्यातलं नव्हतं. डिकी भरली, उरलेल्या पेट्या मागच्या सीटवर चढल्या, आणि पाच मुलांची जागा चार मुलांची झाली. मी काही बोलायच्या आत जुई दारातून मागे सरली. "मी ऱ्हाते गो आई. मी काय समुद्र बघितला नाय? तुम्ही जावा."

आणि मला बरं वाटलं.

इतके दिवस मनात सलतंय ते हेच. ती राहिली हे नव्हे. त्या क्षणी माझ्या मनात वाईट वाटण्याआधी एक सुटकेचा निःश्वास उमटला, हे. रुसवा नाही, रडारड नाही, शिवाय घरी कुणीतरी राहिलं तर गड्यांचा चहाही होईल, एवढा हिशेब मी किल्ली फिरवेपर्यंत केला होता. आरशात ती फाटकाशी हात हलवताना दिसली. तिने टोपी घातलेली होती.

रत्नागिरीत बसवर पेट्या उतरवल्या आणि मागची सीट रिकामी झाली. तिथवर तिला कुणाच्या तरी मांडीवर बसवता आलं असतं, हे मला तेव्हा सुचलं, असं मी स्वतःला सांगत होते. पण खरं म्हणजे ते घरच्या फाटकातच सुचलं होतं आणि मी ते पुढे येऊ दिलं नव्हतं. परत फिरायचं तर ऊन बुडालं असतं. मुलं रिकाम्या जागेत पाय पसरून गाणी म्हणू लागली. चढ संपला, वळण आलं आणि खाली आरे आणि वारे, दोन्ही किनारे एकदम उघडले. उतरत्या उन्हाने पाण्यावर पितळी झाक चढली होती, सुरूच्या बनातून खारट वारा येत होता, आणि चौघं एका सुरात ओरडली. इतका सुंदर समुद्र मी कित्येक वर्षांत पाहिला नसेन, आणि मला त्याच्याकडे धड बघवेना.

मी वाळूत बसून राहिले. मुलांना काही सांगावं लागलं नाही. लाट परतताना टाचेखालची वाळू सरकते, तेव्हा डोळे मिटून उभं राहायचं. ओल्या वाळूत बारीक भोकं दिसली की दम धरून बसायचं, कुर्ली वर येते. किल्ला बांधायचा तर कोरड्या वाळूच्या नादी लागायचं नाही. नणंदेची रिया धापा टाकत सांगायला येई, "मामी, जुई म्हणाली होती ना, तसंच होतंय!" आणि पुन्हा पाण्याकडे पळे. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या जुईने त्यांना हा सगळा समुद्र सांगून ठेवला होता. ती त्याची किती वाट बघत होती, हे मला तिच्याकडून नाही, त्या चौघांच्या तोंडून कळलं. मला तिथे, भर किनाऱ्यावर, रडू आलं. मुलांना म्हटलं, डोळ्यात वाळू गेली.

घरी पोचलो तेव्हा अंगणात दिवा लागला होता. जुईने नळाला नळी लावून ठेवली होती. एकेकाचे पाय तिने धुतले, ईशानच्या कानात पाणी गेलं नाही ना ते विचारलं, मजा आली का ते विचारलं, आणि चौघं एकदम बोलू लागली तेव्हा कमरेवर हात ठेवून, हसत, शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर मी रागाची, निदान खट्टू झाल्याची एखादी रेघ शोधत होते. सापडली असती तर मला हलकं वाटलं असतं.

मी तिला मागच्या पडवीत बोलावलं आणि म्हटलं, "उद्या आपण जाऊ समुद्रावर. दोघीच. पेट्या नाहीत, कुणी नाही."

तिचे डोळे असे लखलखले की मी पुढे होऊन तिला जवळच घेणार होते. पण लगेच तिच्या कपाळाला आठी पडली. हंगामाच्या दिवसांत माझ्या कपाळाला पडते तशीच. ओले हात फ्रॉकला पुसत ती म्हणाली, "आणि पोरांकडं कोण बघेल गो?"

अंगणात चौघांचा दंगा चालला होता. ती उत्तरासाठी माझ्याकडे बघत होती. घरात पोरं पाच आहेत, एवढंच मला तिला सांगायचं होतं, आणि ते कसं सांगतात ते मला येत नव्हतं.