शैलावहिनींचा उशीर

आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या अपघातांना मथळे दिले. या एका अपघाताबद्दल मात्र मी कुठे एक ओळ लिहिलेली नाही, आणि घरात किंवा बाहेर कुणाजवळ तोंड उघडलेलं नाही. आज लिहितोय. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

आधी माणसं सांगतो. आम्ही बडोद्याला वासण्यात राहतो. इमारतीच्या तळमजल्यावर अरविंद मोहिते आणि त्याची बायको शैला, तिसऱ्या मजल्यावर मी आणि माझी बायको. अरविंद मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात लेथवर होता. त्याचे पणजोबा संस्थानच्या फौजेत, माझे संस्थानच्या दफ्तरात. यावरून तो मला जिन्यात गाठून चिडवायचा. "भाऊ, आम्ही तलवारीवरून लेथवर आलो, पण लोखंड सोडलं नाही. तुमचे पणजोबा खर्डेघाशी करायचे, तुम्ही पण तेच करता. बढती कधी?" वयाने तो माझ्याहून बराच लहान, पण ही थट्टा मी चालवून घ्यायचो. खरं तर वाट बघायचो तिची.

मी एका गुजराती दैनिकात उपसंपादक होतो. डेस्कवरचा माणूस. बातमीदार हिंडतो, पोलीस चौकीत चहा पितो, कोर्टात वकिलांना नावाने हाक मारतो. डेस्कवरचा माणूस संध्याकाळी खुर्चीत बसतो, आलेला मजकूर कापतो, मथळा देतो आणि घरी जातो. शहरातल्या अधिकाऱ्यांची, न्यायाधीशांची, नामांकित वकिलांची नावं मला तोंडपाठ होती. त्यांतला एकही मला ओळखत नव्हता.

सोसायटीला हे कुठून ठाऊक असणार? स्कूटरवर 'प्रेस' लिहिलेलं होतं, तेवढं त्यांना पुरे होतं. एकदा इमारतीसमोरचा बंद पडलेला दिवा मी महापालिकेत फोन केल्यावर दुसऱ्याच दिवशी लागला. लाइनमन मला म्हणाला की अख्ख्या रस्त्याचं काम आधीच निघालं होतं. ते मी वर येऊन कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून कुणाचं काही अडलं की ठरलेलं वाक्य — भाऊंना सांगा, त्यांची ओळखाण आहे. मी निवृत्त झालो, तरी ते वाक्य चालूच राहिलं. मला ते आवडत होतं. नाही कशाला म्हणू?

अपघात दिवाळीनंतर झाला. पहिली पाळी सुटली होती, अरविंद बाइकवरून घरी येत होता, आणि मकरपुऱ्यातच एका मालवाहू टेम्पोने वळताना त्याला उडवलं. डावी मांडी आणि गुडघा. ऑपरेशन झालं, पाय आखूड झाला. लेथवर आठ तास उभं राहायचं काम, ते गेलं. दुसरं ऑपरेशन केलं तर काठीशिवाय चालता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. त्याला पैसे हवे होते, आणि ते नुकसानभरपाईतूनच येणार होते. दुसरीकडून येण्यासारखं घरात काही नव्हतं. शैलावहिनी लहरीपुऱ्यात एका साड्यांच्या दुकानात कामाला होत्या, रोजावर.

दावा भक्कम होता. पोलिसात फिर्याद झालेली, टेम्पोचा नंबर मिळालेला, विमा चालू, प्रत्यक्ष पाहणारे दोन कामगार साक्षीला तयार. बातमी अशी आली असती तर मी तिला पेनही लावलं नसतं. फक्त वकील गाठायचा होता आणि अपघात न्यायाधिकरणात अर्ज टाकायचा होता. उत्तरायणाच्या सुमारास वहिनींनी सगळे कागद एका पिशवीत घालून माझ्या हातात दिले. अरविंद पलंगावरून म्हणाला, "भाऊ, आता तुमच्यावर सोडलं. आपल्या माणसाकडे दिलं की झोप लागते." ओळखीचा वकील बघतो, असं मी सांगितलं. ओळखीचा वकील मला एकही नव्हता.

तरी मी कोर्टात गेलो. खरंच गेलो. आवारात वकिलांची टेबलं, टायपिस्ट, नोटरीचे शिक्के, गर्दी. तासभर मी कडेला उभा राहिलो. कुणाही एका टेबलापाशी जायचं होतं, नाव सांगायचं होतं, आणि बाकीच्यांसारखं बाकड्यावर बसायचं होतं. इतकंच. एका काळ्या कोटातल्या मुलीने विचारलंसुद्धा, काका, काय काम आहे? मी म्हणालो, काही नाही, कुणाची तरी वाट बघतोय. मग बाहेर येऊन सेव-उसळ खाल्ली आणि पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकून घरी आलो.

कशाची भीती वाटली? अपमान कुणी केला नसता. मला वाटतं, ती मुलगी मला ओळखणार नव्हती हेच मला सोसलं नाही. साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस, आणि हे सोसलं नाही.

जिन्याशी वहिनी उभ्या होत्या. मी म्हणालो, झालं काम, वकिलांनी कागद ठेवून घेतलेत, तयारी करतायत.

यानंतर ते सोपं होत गेलं. अरविंद विचारायचा, मी म्हणायचो, चालू आहे. वकिलांचं नाव विचारलं तेव्हा मी एका मोठ्या वकिलांचं नाव घेतलं, ज्यांच्या बातम्यांना मी कित्येकदा मथळे दिले होते. अरविंदचा चेहरा उजळला. पुढच्या आठवड्यात नक्की जायचं, असं मी दर आठवड्याला ठरवत होतो. घाई कशाला? या दाव्यांना मुदत नसते, असं मी नोकरीत असताना वाचलं होतं. कायदा बदलला होता. अपघातापासून सहा महिन्यांत अर्ज करावा लागतो, हे मला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायला एक फोन पुरला असता.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल, हाच तो दोष. आळस, भित्रेपणा, फुकटचा मोठेपणा. तेवढंच असतं तर मी बहुधा लिहिलं नसतं. असली माणसं पुष्कळ असतात, आणि ती धड झोपतातही.

मला शैलावहिनींबद्दल सांगायचंय.

अरविंदच्या पायाला किती टक्के अपंगत्व आलं, याचं सर्टिफिकेट सरकारी दवाखान्यातून आणायचं होतं. ते काम वहिनींकडे. त्या जायच्या, तर कधी डॉक्टर रजेवर, कधी एक्स-रे पुन्हा काढा, कधी अमुक वारीच या. प्रत्येक खेपेला दुकानातला रोज बुडायचा. उन्हाळ्याच्या सुरुवातीला एकदा त्या वर येऊन मला म्हणाल्या, की भाऊ, शेठकडून सलग चार दिवस सुट्टी मागून दवाखान्यात ठाण मांडून बसू का? वकील थांबलेत का त्या कागदासाठी? मी पेपर वाचत होतो. मला त्या प्रश्नाचं उत्तर नको होतं, कारण वकीलच नव्हता. मी म्हणालो, "काही वांधा नाही, वहिनी. सावकाश होऊ द्या." माझे शब्द मला नेमके आठवतात. शब्द आठवणं हे माझं कामच होतं.

सर्टिफिकेट त्यांनी वटपौर्णिमेच्या सुमारास आणलं. सहा महिने त्याआधीच उलटून गेले होते. आम्हा दोघांनाही ते माहीत नव्हतं. वहिनींनी पेढा दिला, मी खाल्ला.

मग कारखान्यातला अरविंदचा एक सोबती त्याला भेटायला आला. त्याने विचारलं, केसचा नंबर काय? आता सगळं मोबाइलवर दिसतं. आणि वकीलपत्रावर सही केव्हा केली? अरविंदने सहीच केली नव्हती. त्याने मला हाक मारली, आवाजात संशय अजिबात नव्हता. उद्या नंबर आणून देतो, असं मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी प्रथमच एका वकिलाच्या कचेरीत पाऊल टाकलं. बाई होत्या, गुजराती, तरुण, कामाच्या. त्यांनी सगळे कागद उलटून पाहिले, फिर्यादीची तारीख पाहिली आणि मान वर केली. "मोडा केम आव्या?" इतका उशीर का केलात? केस चांगली होती म्हणाल्या. मी अपंगत्वाच्या सर्टिफिकेटचं कारण पुढे केलं. त्यावर त्या म्हणाल्या की अर्ज टाकायला ते लागतच नाही, पुरावा द्यायच्या वेळी लागतं. मग थोडा विचार करून त्यांनी एक वाट सांगितली. उशीर माफ करा, असा अर्ज सोबत जोडून पाहता येईल. टिकेल याची खात्री नाही. पण उशिराचं खरं कारण सोगंदनाम्यावर, म्हणजे शपथेवर लिहून द्यावं लागेल, आणि ज्याच्यामुळे उशीर झाला त्यानेच ते द्यावं. तो कोण?

तो कोण — हा प्रश्न त्यांनी अगदी साधेपणाने विचारला. मी म्हणालो, घरी विचारून सांगतो.

अरविंदच्या खोलीत मी गेलो तेव्हा तो स्टुलावर पाय ठेवून बसला होता. वहिनी दुकानातून नुकत्याच आल्या होत्या, खांद्याची पर्सही काढली नव्हती. वाटेत मी काय बोलायचं ते ठरवलं होतं का? ठरवलं होतं. ऐन वेळी तोंडातून गेलं, असं म्हणायची सोय नाही. पुलावर सिग्नलला थांबलो होतो, तेव्हा वाक्य मनात जुळवून झालं होतं.

मी म्हणालो की मुदत सहा महिन्यांची होती. वकील सर्टिफिकेटसाठी थांबले होते. ते उशिरा आलं. आता काही होऊ शकत नाही.

अरविंदने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्याने बायकोकडे पाहिलं.

वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्हीच म्हणाला होतात ना, सावकाश होऊ द्या म्हणून?"

तक्रार नव्हती त्यात. त्या फक्त विचारत होत्या. अजून वेळ होता — हो म्हटलं असतं तर एका शब्दात काम झालं असतं.

"मी?" मी म्हणालो. "नाही हो वहिनी. मी तर प्रत्येक वेळी तुम्हाला विचारत होतो, कुठवर आलं म्हणून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांपुढे ती दुपार असणार, माझ्या हातातला पेपर असणार. मी नजर हलवली नाही. मग त्यांचीच नजर खाली गेली. "मग मलाच नीट आठवत नसेल," त्या म्हणाल्या.

अरविंद म्हणाला, "हिला एकच काम सांगितलं होतं."

सोगंदनाम्याच्या वाटेबद्दल मी त्या घरात कधीच बोललो नाही. ती वाट बंद झाली असती की उघडली असती, आता कुणाला सांगता येणार नाही. पिशवी मी परत दिली.

दुसरं ऑपरेशन झालं नाही. अरविंद एका सोसायटीच्या फाटकाशी खुर्ची टाकून बसतो, दिवसपाळीला. जिन्यात थट्टा करत नाही. आल्यागेल्याला मात्र सांगतो — वकील तयार होता, भाऊंनी बिचाऱ्यांनी किती खेटे घातले, हिने घालवलं. हे तो तिच्यासमोर सांगतो. मी समोर असलो तर माझ्याकडे बोट करून सांगतो, आणि मी हातातला चहा पितो. मोठ्याने भांडल्याचं मी कधी ऐकलं नाही. वहिनी आता हातात दिलेला प्रत्येक कागद दोनदा वाचतात आणि तारीख कुणाला तरी विचारून घेतात. दुकानातही म्हणे त्यांना गल्ल्यावर बसवायचं ठरलं होतं, त्यांनी नको सांगितलं. माझ्या लक्षात राहत नाही, म्हणाल्या.

त्यांची स्मरणशक्ती उत्तम आहे. हे ठामपणे सांगू शकेल असा मी एकटाच आहे.

गेल्या आठवड्यात त्या वर आल्या. माझी बायको देवळात गेली होती. बसा म्हटलं तर बसल्या नाहीत, दारातच चौकटीला धरून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भाऊ, केव्हाचं बोलायचं होतं. तुम्ही आमच्यासाठी एवढं केलंत, ते माझ्यामुळे फुकट गेलं. यांच्यासमोर बोलता येत नाही. एकदा तुमची माफी मागायची होती."

घरात तिसरं कुणी नव्हतं. खालून काही आवाज येत नव्हता. त्या थांबल्या होत्या.

मी म्हणालो, "जाऊ द्या, वहिनी. माणसाकडून होतं असं."

त्यांनी पदराने डोळे पुसले, मान हलवली आणि कठड्याला धरून हळूहळू खाली गेल्या. मी त्यांना माफ केलं होतं.