पाळीवर जाळलेले डोंगे

आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी, कार्तिकातल्या एका बुधवारी सकाळी, मी ज्या गावात शाळामास्तर होतो तिथल्या तलावात ढिवर म्हणजे मासेमारांच्या मोहल्ल्यातली एक बाई बुडाली. वय अंदाजे तीस. प्रेत शुक्रवारी सापडलं. तोवर शोधायला गावात ना जाळं होतं, ना डोंगा, म्हणजे लाकूड कोरून केलेली होडी.

जाळी आणि डोंगे आषाढातच जाळले होते. तेव्हा एक महाराज पाच दिवस मुक्कामाला होते. मोहल्ल्यातल्या एकोणीस घरांनी त्यांच्या हातून तुळशीची माळ घातली आणि मासोळी सोडली. महाराजांचं वाक्य मी वहीत उतरून घेतलं होतं : "जीव मारून पोट भरू नका." जाळ्यांबद्दल ते बोलले नव्हते.

जाळण्याची कल्पना माझ्या शेजाऱ्याची. तो भजनमंडळीचा प्रमुख आणि त्या बाईचा नवरा. महाराज गेल्यावर त्याने सगळ्यांना तलावाच्या पाळीवर, बांधावर बोलावलं. "घरात जाळं ऱ्हायलं तं मन मासोळीकडंच जाते," तो म्हणाला. ऐनाच्या झाडाच्या सालीच्या रंगात वर्षानुवर्षं बुडवलेली जाळी पेटली. मग त्याची नजर डोंग्यांकडे गेली.

बायकोने त्यांच्या डोंग्याचा दोर धरला. "डोंगा मासोळी मारते का वो? शिंगाडे कशानं काढू मी?"

"घागरीवर काढ."

लोक हसले. मागून एक जण म्हणाला, "भाऊ, माळ तुह्या गळ्यात हाय का बाईच्या हातात?"

त्याने तिच्या हातून दोर ओढला. पहिला डोंगा त्याचाच जळला, मग बाकीचे.

मी तेव्हा नागपूरच्या एका साप्ताहिकाला बातम्या पाठवत असे. 'ढिवरांनी स्वखुशीने हिंसा सोडली', असं लिहिलं. बातमी चौकटीत आली. तिच्या प्रश्नाचा उल्लेख मी केला नव्हता.

मासोळी बंद झाल्यावर घर शिंगाड्यांवर होतं. दोन घागरी पालथ्या घालून बांबूला बांधायच्या आणि त्यावर पोटाशी रेलून वेलांत शिरायचं. त्या बुधवारी एक घागर पाण्यातल्या खुंटावर फुटली. ओरडा शाळेत ऐकू आला. मी पोचलो तेव्हा ती बांबूला धरून होती. चौघे पोहत निघाले. शिंगाड्याचे वेल पायांना गुंडाळले गेले. तिघे परतले, चौथ्याला ओढून काढावं लागलं. नवरा पाळीवर नाव घेत उभा होता, तिचं नव्हे, महाराजांचं. नंतर बांबू रिकामा दिसला.

"डोंगा असता तं एक विडी संपाच्या आंधी पोचलो असतो," एक म्हातारा म्हणाला. नवऱ्याच्या तोंडावर म्हणाला.

शुक्रवारी चार कोसांवरच्या गावातून माळ न घातलेले ढिवर जाळं घेऊन आले. तिसऱ्या ओढीत ती आली. सोबत मासोळीही आली. मजुरी म्हणून त्यांनी ती टोपलीत भरली. एक जण हसून म्हणाला, "तुमाले तं चालत नाई न् आता."

दहाव्यानंतर नवरा महाराजांच्या पुढच्या मुक्कामी गेला. मी सोबत होतो.

"महाराज, तुमच्या शब्दापाई जाळले जी डोंगे."

"डोंग्याचं नाव मी घेतलं होतं का?" महाराज म्हणाले. "आपल्या मनानं करायचं अन् गुरूच्या माथी मारायचं?"

महाराजांनीच पुढे विचारलं, "तलावात जाळं टाकलं म्हणे?"

"टाकलं जी. तिच्यासाठी."

"किती जीव गेले?"

"दोन टोपल्या."

महाराजांनी प्रायश्चित्त सांगितलं : एकवीस दिवस एक वेळचं जेवण आणि रोज तलावाला अनवाणी फेरी. परतीच्या वाटेवर तो माझ्याशी एकदाच बोलला. "पाहा मास्तर, आपण सांगतलं नोयतं, तरी त्याईले जाळ्याचं कळलं." जाळ्याची गोष्ट तोवर सगळ्या बाजारात पोचली होती. मी त्याला ते सांगितलं नाही.

प्रायश्चित्त त्याने पुरं केलं.

माघात मंडळीची बैठक झाली. नवा नियम ठरला : कोणत्याही कारणाने बाहेरगावचं जाळं तलावात पडू द्यायचं नाही. नियम त्याने सांगितला, वहीत मी लिहिला. खाली एकोणीस घरांचे अंगठे उमटले. पहिला त्याचा होता.