पिवळं पाकीट कुठं गेलं?

मला शांत बस म्हणू नका. कुपवाडात राजमतीकाकींच्या डंकावर चटणी कांडण्यात माझी अर्धी हयात गेली. त्या बाईनं जन्मभर जपलेला इस्वास तिच्याच पोरानं मातीत घातला. कशापायी? तर म्हणं ट्रेंड हाय! मग मी गप बसू व्हय?

नवरा गेला तवा काकींच्या पदरात हा गोमटेश, आणि घरात मिरची कांडायचा एक जुना डंक. बाई रडत बसली न्हाई. शेड भाड्यानं घेतलं, मला हाक मारली, "मंगल, येतीस का गं?" आणि आमी दोघींनी सुरुवात केली. काकी जैन. कांदा-लसूण उभ्या जन्मात तोंडाला लावला न्हाई. आणि निम्म्या सांगलीच्या रश्श्यात पडती ती कांदा-लसणाची चटणी ह्याच बाईची. मग चव कोण बघायचं? मी. बोटावर घेऊन चाटायचं आणि सांगायचं, "काकी, मीठ कमी हाय." त्या नुसता वास घ्यायच्या आणि म्हणायच्या, "लसूण करपलाय गं." त्यांचं नाक आणि माझी जीभ, एवढ्यावर धंदा उभा राहिला.

जैनांसाठी बिनकांद्याची चटणी वेगळी. तिचा डंक वेगळा, चाळण वेगळी, पुसायचं फडकं सुदीक वेगळं. मी कांद्याचं काम करून तिकडं गेले तर काकी आधी हात धुवायला लावायच्या. पाकिटं बी त्यांनीच ठरवली. लाल म्हंजे कांद्याची, पिवळं म्हंजे बिनकांद्याची. वर काय छापलंय ते कोण वाचतंय? बाया दुकानात पोरं धाडताना सांगायच्या, "पिवळं आण रं, लालाला हात लावू नगंस." लीलाबाईंसारख्या म्हाताऱ्या, ज्यास्नी आता अक्षर दिसत न्हाई, त्या बी लांबनं बोट दावून पिवळं मागायच्या.

गोमटेश शिकून आला आणि त्यानं जयराजला आणलं. जयराज मूळचा कोरेगावचा, पुण्यात पाकिटांची डिझाइनं करतो. घरी आईच्या हातची चटणी खाऊन वाढलेलं पोरगं, पण आमच्या शेडात आल्यावर असं नाकानं कांदं सोलत हुतं की काय सांगू! लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "काकू, तुमची पाकिटं फार ओरडतात. आता ट्रेंड मिनिमलचा आहे. कमी रंग, कमी अक्षरं, भरपूर मोकळी जागा. ब्रँडला श्वास घेऊ द्या."

मग त्यानं एक चित्र दावलं. कॉम्प्युटरनंच काढलेली म्हातारी, नाकात नथ, फुडं पाटा-वरवंटा, गालावर गुलाबी हसू. म्हणाला, ही आपल्या ब्रँडची आजी. खरी बाई फुड्यात उभी, हाताला तिखट लागलेलं, आणि हा बाबा खोटी म्हातारी दावतोय! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकी मातुर चित्राकडं बघत न्हवत्या. त्या पाकिटं बघत हुत्या. सगळी एका रंगाची. भिजलेल्या मातीचा रंग असतो ना, तसला. मधी बारीक इंग्रजीत नाव.

काकी म्हणाल्या, "पिवळं कुठं गेलं?"

"आई, खाली लिहिलंय की, कांद्याशिवाय म्हणून," गोमटेश म्हणाला.

"लिहिलंय ते वाचणाऱ्याला. आंधळीनं काय करायचं?"

"पिवळा फार स्वस्त दिसतो, काकू," जयराज मधी बोलला. "तो आपल्या रंगसंगतीत बसत नाही."

"माझ्या धर्मात बसतोय," काकी म्हणाल्या आणि उठून डंकाकडं गेल्या. पण धंदा आता पोराच्या नावावर, कारभार पोराच्या हातात. महिन्याभरात मातीची पाकिटं आली, मातीचीच खोकी आली. मी खोक्यावर खडूनं खुणा करायला लागले तर गोमटेश म्हणतोय, "मावशी, लूक खराब होतो." लूक म्हणं!

भादव्यात पर्युषण आलं. काकी दरवर्षी बस्तीत, म्हंजे जैनांच्या देवळात, उपास सोडायच्या पारण्याच्या जेवणाला बिनकांद्याची ताजी चटणी कांडून देत्यात. ह्या वर्षी बी आमी दोघींनी कांडली. मी भरून खोकं दाराशी ठेवलं. सकाळी गाडीत घालून नेलं ते गोमटेशनं. दाराशी तसलीच चार खोकी, आणि त्यानं उचललं ते भलतंच.

बस्तीत पंगत बसली. लीलाबाई दहा दिवस एकवेळ जेवून बसल्या हुत्या. गोमटेश स्वतः हौसेनं पाकिटं फोडून, चटणी तेलात कालवून वाढत सुटला. त्याच्या नाकाला काय कळतंय? रोज हाटेलात खाऊन मेलंय ते. मी पाण्याचा जग घेऊन मागनं. काकी पंगतीच्या दुसऱ्या टोकाला. गोमटेश तिथवर पोचला, चमचा पानावर टेकला, आणि काकींचा हात जागच्या जागी थांबला.

"हात काढा!" अशा वरडल्या की बस्तीबाहेर ऐकू गेलं. "कुणी खाऊ नका! लसूण हाय त्यात!"

घास घेतलेली माणसं चूळ भरायला धावली. लीलाबाई उठल्याच न्हाईत. त्यांच्या पानातली चटणी संपली हुती. त्या एवढंच म्हणाल्या, "राजमती, तुझं पाकीट म्हणून डोळं झाकून खाल्लं गं."

काकी पाय धरायला वाकल्या तर लीलाबाईंनी पाय मागं घेतलं.

दुपारी शेडात जयराजला फोन लावला गोमटेशनं. फोनमधनं आवाज आला, "टेक्स्ट थोडं मोठं करून देतो." माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, "तुझं टेक्स्ट घाल चुलीत!" काकींनी मला हातानं थांबवलं. त्यांनी फडताळातली पाकिटं उलटीसुलटी करून ठेवली आणि गोमटेशला म्हणाल्या, "ह्यातलं बिनकांद्याचं काढ."

गोमटेश वाकला. एक उचललं, ठेवलं. दुसरं उचललं. मग खिशातनं मोबाइल काढून त्याची बॅटरी लावली आणि पाकिटाच्या तळाला धरली.

"लीलाबाईंनी कुठनं आणायची हुती ही बॅटरी?" काकी म्हणाल्या.

पोरगं रडलं, खोटं कशाला बोलू. पण मला त्याची कीव आली न्हाई. अजून बी येत न्हाई.

पिवळं पाकीट परत आलं, पहिल्यापेक्षा भडक. काकींनी स्वतः नेऊन लीलाबाईंच्या हातात दिलं. लीलाबाई रागावल्या न्हाईत, बसा म्हणाल्या, पाणी दिलं. मग पाकीट दातानं फोडलं, नाकाशी धरलं आणि लय वेळ वास घेत बसल्या. काकी समोर उभ्या राहून बघत हुत्या. आता दर खेपेला लीलाबाई असाच वास घेत्यात, आणि काकी तो घेऊन होईस्तोवर उभ्या असत्यात.